नेमून दिलेली चूक

एखादी गोष्ट अगदी क्वचित घडते असं सांगायचं असलं की इंग्रज लोक चंद्राला निळा करतात. 'वन्स इन अ ब्लू मून.' अर्थ सोपा आहे आणि वापरायचे नियमही अवघड नाहीत. गोष्ट खरोखर घडणारी हवी. कधीच न घडणाऱ्या गोष्टीला हा वाक्प्रचार चालत नाही. आणि ती वारंवार घडणारी नसावी. एवढं सांभाळलं की वाक्याच्या शेवटी तो बसवायचा आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. कोणत्याही बऱ्या वर्गाला एका तासात जमतं. आमच्या शाळेत तो धडा दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झाला आणि शिमगा होऊन गेला तरी चालूच होता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच बी.एड. होऊन सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. नेमणूक तात्पुरती होती, वर्षापुरती. शुक्रवार पेठेत एक खोली भाड्याने घेतली होती. त्यात एक स्टोव्ह, एक ट्रंक आणि खिळ्याला लटकवलेली कामांची यादी, एवढाच संसार. माझा थोरला भाऊ करमाळ्याला, बाजार समितीच्या आवारात त्याचं अडतीचं दुकान. त्याचं म्हणणं स्वच्छ होतं. नोकरी कायम झाली तर राहा सोलापुरात. नाही झाली तर मेमध्ये सामान बांध आणि करमाळ्याला ये, वहिनीला मदत होईल.

वहिनीला मदत म्हणजे नेमकं काय, हे मी त्या दिवाळीत तिकडे गेले असताना लिहून काढायला बसले होते. पहाटेच्या चुलीपासून सुरुवात केली. कागदाची मागची बाजूही भरायला लागली तेव्हा थांबले. त्या कामाला पगार नव्हता, सुट्टी नव्हती. एक गोष्ट मात्र चोख होती. तिथे मी पहिल्या दिवसापासून कायम असणार होते.

सोलापुरात कायम होण्याची वाट तपासणीतून जात होती. वर्षातून एकदा शिक्षण खात्याचे साहेब येत, नव्या शिक्षिकेचा एक पाठ बघत, आणि त्यांचा शेरा बरा पडला की संस्थेची समिती सही करत असे. साहेब कधी येणार हे कुणालाच ठाऊक नसायचं. ते येऊन गेल्यावर मात्र सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक असायचं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तपासणी या विषयात मुरलेल्या होत्या. शिकवणं हा विषय त्यांनी बराच आधी सोडला होता. त्यांनी मला बोलावलं आणि तपासणीचा पाठ कसा असतो ते समजावून सांगितलं. वर्गात प्रश्न विचारला की झाडून सगळ्या मुलींनी हात वर करायचा. ज्यांना उत्तर येतं त्यांनी उजवा, ज्यांना येत नाही त्यांनी डावा. साहेबांना हातांचं रान दिसतं, आणि आपण फक्त उजव्या हातांना उठवतो.

"आणि सुरुवातीला विचारायचं, हे तुम्ही पूर्वी कधी ऐकलंय का? मुली म्हणतील, नाही बाई."

"पण तोवर ऐकलेलं असेल ना, बाई?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी बी.एड.ची पदवी मला लहान व्हायला लागलेली जाणवली.

"आणि एक चूक हवी," त्या म्हणाल्या. "सगळं बरोबर आलं की साहेबांना संशय येतो. एका मुलीने चुकायचं. तुम्ही ती चूक प्रेमाने दुरुस्त करायची. शिक्षिका दिसते ती तिथेच."

"कसली चूक?"

"लहानशी. पण साहेब मागे बसतात. तिथवर ऐकू गेली पाहिजे."

मी व्यवस्थित माणूस आहे. काम नेमून दिलं की मी ते आखून घेते. नववीच्या वर्गात मी पाच वाक्यं पाच हुशार मुलींना वाटून दिली आणि चूक सहावीला दिली. ही सहावी मुलगी भुसार पेठेतल्या एका ज्वारीच्या व्यापाऱ्याची लेक. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीत आवाज सारखाच खणखणीत. मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं, तर हिच्याइतकं लायक कुणी नव्हतं. तिने उभं राहून इंग्रजीत म्हणायचं, 'मी अगदी क्वचित भाकरी खाते.' मग मी हसून म्हणायचं, 'नो, नो. भाकरी आपण रोज खातो. क्वचित काय खातो?' मग सगळ्या वर्गाने म्हणायचं, 'श्रीखंड, बाई!'

पहिल्याच दिवशी ती पाय रोवून उभी राहिली.

"मीच का म्हणून चुकायचं बाई?"

"कुणीतरी चुकायला हवंच ना."

"मग तिला सांगा की. ती तशी बी चुकतीय." तिने शेजारणीकडे बोट केलं.

"ती मुद्दाम चुकत नाही. तिचा भरवसा नाही."

"पण भाकरीच का? आमच्या अप्पांचं ज्वारीचं दुकान हाय बाई. पोत्यांची थप्पी छताला लागलीय. आन मी म्हणू, आमी भाकरी खात न्हाई? कुणी ऐकलं तर अप्पा काय म्हणतील?"

"साहेबांशिवाय कुणी ऐकत नाही. बस खाली."

ती बसली. बसताना वर्गाला ऐकू जाईल असं कानडीत काहीतरी पुटपुटली. पुढच्या दोन बाकांवरच्या मुली खुसखुसल्या. अर्थ विचारण्याचा मोह मी आवरला.

साहेब त्या आठवड्यात येणार होते. आले नाहीत. शिपाई निरोप घेऊन आला की साहेब आधी करमाळ्याकडच्या शाळा उरकणार. पुढच्या आठवड्यात निरोप आला की साहेबांची जीप श्रीपूरच्या अलीकडे उसाच्या गाड्यांमागे अडकली, तेव्हा आज नाही. मग साहेबांना पडसं झालं. मग सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा लागली आणि साहेबच काय, गावात कुणीच कुठल्या कामाला मिळेना. मग साहेबांच्या साहेबांची तपासणी निघाली. दर वेळी मोठ्या बाई म्हणत, "पाठ गरम ठेवा."

मी पाठ गरम ठेवला. म्हणजे रोज इंग्रजीच्या तासाला मुलींनी आयुष्यात प्रथमच निळ्या चंद्राबद्दल ऐकायचं. पुढचा धडा घ्यायची सोय नव्हती, कारण दोन धड्यांची सरमिसळ झाली तर तालीम बिघडली असती. अत्यंत क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठी असलेला हा वाक्प्रचार सोलापूर शहरात त्या हिवाळ्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेला असेल, तर तो आमच्या नववीत. शाळेजवळच्या गल्लीत दिवसभर माग खडखडत. ते अधूनमधून बंद तरी पडायचे.

चित्रकलेच्या सरांनी एक तक्ता करून दिला होता. त्यांच्याकडचा निळा रंग संपला होता म्हणून त्यांनी चंद्राला कपड्यांची नीळ फासली. तक्ता खिडकीसमोर टांगलेला. उन्हाने चंद्र पांढरा पडायचा आणि सर तक्रार न करता पुन्हा नीळ लावायचे. चंद्र निळा होणं ही किती दुर्मीळ घटना आहे हे मी त्याच तक्त्याकडे छडी दाखवून सांगत असे.

इकडे भुसार पेठेतल्या मुलीचे हाल होत होते. मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला की मुली गोळा व्हायच्या.

"अगं बाई, भाकरी? चंद्र बघून आलीस का गं?"

"आज निळा हाय वाटतं!"

"हिला श्रीखंड द्या की, हिला चालत न्हाई भाकरी."

एकदा ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. या वेळी आवाज खाली होता.

"बाई, मला दुसरं काय बी द्या. बरोबरचं द्या. मला येतंय की सगळं."

"मला माहीत आहे तुला येतं. म्हणूनच दिलंय."

"पण साहेबाला वाटंल मला येत न्हाई."

तिचं म्हणणं खरं होतं. पण मेमध्ये करमाळ्याला काय वाट बघत होतं ते मला दिसत होतं, आणि तालीम छान बसली होती. चांगल्या बसलेल्या गोष्टीत मी बदल करत नाही. मी तिला म्हटलं, "एकदाच तर म्हणायचंय." ते ऐकून तिने जे पाहिलं माझ्याकडे, त्याचं मला काही वाटू नये म्हणून मी वह्या तपासायला घेतल्या.

साहेब आले ते ऊन तापायला लागल्यावर, न सांगता, दुसऱ्या तासाला. बारीक चणीचे, टक्कल पडलेले, हातात छत्री. मोठ्या बाईंनी खास मागवलेली गादीची खुर्ची त्यांनी नाकारली आणि मुलींच्याच शेवटच्या बाकावर गुडघे वर करून बसले. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या.

मी खडू उचलला. भीती वाटली नाही. रोज तेच केल्यावर माणूस भ्यायचं विसरतो.

"मुलींनो, वन्स इन अ ब्लू मून, हे शब्द तुम्ही पूर्वी कधी ऐकलेत का?"

"नाही, बाई!"

उत्तर इतकं दणदणीत आलं की मीही चमकले. मग कारण कळलं. आमच्या आणि आठवीच्या वर्गामध्ये फळ्यांची पार्टिशन होती. आठवीच्या मुलींनीही तो धडा इतके महिने ऐकला होता. पलीकडून त्यांनीही इमानदारीत 'नाही, बाई' म्हटलं होतं.

साहेबांनी पार्टिशनकडे पाहिलं. मी घाईने पुढे गेले. अर्थ सांगितला, छडी चंद्रावर टेकवली. प्रश्न विचारला तशी हातांची रांग उठली. एकेक हुशार मुलगी उठली आणि आपलं वाक्य म्हणून बसली. अक्कलकोटचे मामा क्वचित आले, क्वचित सर्कस आली, नळाला दुपारचं पाणी क्वचित आलं. सगळं घड्याळासारखं चाललं होतं. मग मी हसरा चेहरा करून भुसार पेठेतल्या मुलीकडे बोट केलं.

ती उठली. ओढणी सारखी केली. माझ्याकडे न बघता थेट मागे साहेबांकडे बघून, खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आय मेक अ मिस्टेक वन्स इन अ ब्लू मून."

मी क्वचितच चुकते. वाक्य निर्दोष होतं. त्या दिवसातलं सगळ्यांत चांगलं होतं.

"नो, नो," मी प्रेमाने म्हणाले. "भाकरी आपण रोज खातो. क्वचित काय खातो?"

"श्रीखंड, बाई!" वर्ग गर्जला. पलीकडून आठवीही.

बाहेरच्या मागांची खडखड एकदम स्पष्ट ऐकू यायला लागली. दारात मोठ्या बाईंनी डोळे मिटले होते.

"बाई," साहेब बाकावरून म्हणाले, "भाकरी कुठून आली?"

मी छडी पुन्हा चंद्रावर टेकवली. यादीबाहेरचं काही आलं की माझं असंच होतं. उत्तर तिनेच दिलं.

"साहेब, ती माझी भाकरी हाय. मी चुकायचं असं ठरलंय आमचं. दिवाळीपासनं रोज चुकालेय की मी. आज न्हाई चुकले."

"आज का नाही?"

"तुमी ऐकालता ना." मग तिला एकदम आठवलं की मी समोर उभी आहे. "बाई लई चांगल्या हायत साहेब," ती घाईने म्हणाली. "त्यांनी न्हाई, मोठ्या बाईंनी सांगितलंय चुकाया."

म्हणजे जे काही वाचवण्यासारखं होतं तेही गेलं. माझ्या डोळ्यांसमोर करमाळ्याची एस.टी. उभी राहिली, तीही अगदी वेळेवर.

साहेब उठून पुढे आले. "सगळ्यांनी पुन्हा हात वर करा बरं." हात वर झाले. ते ओळीओळीतून फिरले आणि एका मुलीपाशी थांबले. तिचा डावा हात वर होता. विणकरांच्या वस्तीतली मुलगी, घरात तेलुगू बोलणारी, वर्गात फारसं न बोलणारी. पहिल्या दिवशी तिला उत्तर आलं नव्हतं म्हणून तिच्याकडे डावा हात गेला आणि पुढे तिच्याकडेच राहिला. कुणी बदलून दिलाच नाही.

"तुला काय कळलं नाही, ते विचार बाईंना," साहेब म्हणाले. डाव्या हाताचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. सांगावा लागलाही नाही. तेही कधीतरी शिक्षक असणार.

तिने तक्त्याकडे पाहिलं. "चंद्र निळा कधी असतो, बाई?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. आमच्या पाठात त्याला जागाच नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी कधी पाहिलेला नाही."

"मीही नाही," साहेब म्हणाले आणि पुन्हा जाऊन बसले. "चालू द्या."

काय चालू द्यायचं? तालीम संपली होती. तास अर्धा उरला होता.

"मग न बघता म्हणतात कशाला?" कुणीतरी मागून विचारलं.

मी खडू खाली ठेवला. "कपिलाषष्ठीचा योग कुणी पाहिलाय?"

कुणीच नाही. बहुतेकींना तो काय असतो हेही माहीत नव्हतं. पण माझी आजी म्हणायची, आमचा मामा म्हणतो, असे आवाज यायला लागले. कुणी बऱ्याच दिवसांनी घरी आलं की तसं म्हणतात.

"आणि उंबराचं फूल?"

"ते पण न्हाई बाई. आमच्या परड्यात उंबर हाय. फूल दिसतच न्हाई."

"तरी म्हणतो ना आपण? तसंच त्यांचं. बघायला लागत नाही. गोष्ट किती दुर्मीळ आहे एवढं समोरच्याला कळलं की पुरे."

"मग कधीच न होणाऱ्याला चालतंय का बाई?"

"नाही. एकदा तरी व्हायला हवी."

"मग माझे बाबा मला सायकल देतील, ह्याला न्हाई चालत," एक मुलगी हिशेब करून म्हणाली आणि वर्गात हशा फुटला. आता हात कुठला हे कुणी बघत नव्हतं. आत्या क्वचित गप्प बसते. घरमालक क्वचित हसतो. हुशार मुलींतली एक वाटून दिलेलं सोडून स्वतःचं करायला गेली आणि चुकली, खरोखरची चुकली: 'काल माझी मावशी वन्स इन अ ब्लू मून आली.' मी ते दुरुस्त केलं. एकदाच घडून गेलेल्या प्रसंगाला हे लावत नाहीत, मावशीच्या सवयीला लावतात. प्रेमाने केलं की नाही ते आठवत नाही, मला घाई झाली होती. डाव्या हाताची मुलगी शेवटी उठली. आमचा माग क्वचित थांबतो, असं तिने इंग्रजीत म्हटलं, आणि त्यात दुरुस्त करायला काही नव्हतं.

घंटा झाली. साहेबांनी छत्री उचलली, तक्त्यातल्या चंद्राला बोट लावलं, बोटावर आलेली नीळ रुमालाला पुसली आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. तिथे चहा झाला, चिवडा झाला. मी बाहेर व्हरांड्यात उभी राहून सामान बांधायला किती वेळ लागेल याचा अंदाज घेत होते. फार लागला नसता.

जीप गेल्यावर मोठ्या बाईंनी मला आत बोलावलं. त्यांचा चेहरा दुखावलेला होता.

"साहेब म्हणाले, या बाईंना नाटक अजिबात जमत नाही, तेव्हा यांना शिकवायलाच ठेवा." त्या थांबल्या. "म्हणजे आम्ही इथे नाटकं करतो का हो?"

"नाही, बाई," मी म्हणाले. या उत्तराची तालीम मला भरपूर होती.

समितीने सही केली. खरं सांगायचं तर गुणवत्तेचा विचार त्यांनी कितपत केला याची मला शंका आहे. शेरा बरा होता, आणि नवी बाई शोधायची तर जाहिरात द्यावी लागली असती. मला चालण्यासारखं होतं. मी कागद दोनदा वाचला, ट्रंकेत तळाला ठेवला आणि कामाला लागले. परीक्षा तोंडावर आली होती आणि नववीचं अर्धं पुस्तक कोरं होतं. सकाळी साडेसातला जादा तास लावले. मुली जांभया देत येत आणि मला ऐकू जाईल अशा बेताने कुरकुरत. भुसार पेठेतली मुलगी पहिल्या बाकावर येऊन बसायला लागली. ती चुकायची, चांगली वारंवार चुकायची, आणि दुरुस्त केलं की वाद घालायची.

मेच्या सुरुवातीला भाऊ आला. मी कळवलं होतं, पण त्याचा विश्वास नसावा, कारण येताना त्याने सामान बांधायला काथ्याचं भलं मोठं वेटोळं आणलं होतं. खोलीच्या मध्यभागी उभा राहून तो इकडेतिकडे बघत होता.

"कायम म्हणजे पुढच्या वर्षापर्यंत?" त्याने विचारलं.

"कायम म्हणजे कायम, दादा."

"वहिनीला काय सांगू?"

"सांग, दिवाळीला येईन. पाहुणी म्हणून."

त्याने काथ्याचं वेटोळं ट्रंकेवर ठेवलं. मग चहा पिऊन झाल्यावर म्हणाला की तुझे कपडे अजून ट्रंकेत का आहेत, माणसासारखं एखादं कपाट का घेतलं नाहीस. मी म्हटलं, तात्पुरत्या माणसाने कपाट कशाला घ्यायचं? आम्ही दोघं मंगळवार बाजारात गेलो आणि सागवानी म्हणून सांगितलेलं, पण सागवानी नसलेलं, एक जुनं कपाट ठरवलं. भावाने ते हातगाडीवर त्या काथ्याने आवळून बांधलं, गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं, आणि उन्हातून गाडीच्या मागे हात लावून शुक्रवार पेठेपर्यंत चालत आला.